गावात राहून समाजशास्त्र कसं शिकायचं: पोळा, भुलाबाई, पानठेला आणि चार रकान्यांची वही

समाजशास्त्र घेतलेल्या पोट्ट्यांची परीक्षेआधीची हालत मी दरवर्षी पाहते. गाइड उघडलं, संस्कृतीची व्याख्या घोकली, मग सामाजीकरणाची म्हणजे माणूस समाजात वागायला कसा शिकते त्याची, मग प्रसारमाध्यमांची कार्यं एक ते सात, आणि पेपरात ‘उदाहरणासह स्पष्ट करा’ आलं की पेन थांबला. गाइडमधलं उदाहरण अमेरिकेचं नाहीतर मुंबईच्या लोकलचं असते, आपण राहतो दारव्हा, आर्वी, सिंदेवाही, मेहकर अशा कोण्यातरी तालुक्यातल्या खेड्यात, मग ते डोक्यात बसणार कसं? म्हणून माझ्याकडे येणाऱ्या पोरापोरींना मी आधी गाइड बाजूला ठेवायला लावते आणि गाव पाहायला लावते. बीएचं पहिलं वर्ष असो, अकरावी-बारावी असो की एमपीएससी, संस्कृती, सामाजीकरण आणि माध्यमं ह्या तिन्ही गोष्टी ह्या पद्धतीनं एकदा बसल्या की मग हलत नाहीत.

वही आधी आखून घ्या

एक दोनशे पानी वही घ्या आणि प्रत्येक पानावर चार रकाने पाडा. पहिल्यात काय दिसलं, दुसऱ्यात त्यामागचा नियम कोणता, तिसऱ्यात तो नियम कोणी मोडला तर काय होते, आणि चौथ्यात हे आपल्याला कोणी शिकवलं. चौथा रकाना सगळ्यात अवघड आहे आणि सगळा विषय त्याच्यातच आहे. गावात काहीही विचारा, ‘काहून असं?’ म्हटलं की उत्तर येते, ‘असंच राहते’. जिथं जिथं ‘असंच राहते’ ऐकू येईल तिथं लाल पेनानं खूण करा. ती गोष्ट पोटातून कोणी शिकून येत नाही, लहानपणी कोणीतरी ती आपल्याला शिकवलेली असते, फक्त कधी आणि कोणी शिकवली ते आपण पार विसरून गेलेलो असतो. ते माणूस शोधून काढायचं, एवढंच काम आहे.

संस्कृती: एकच सण घ्या आणि उसवून पाहा

एकदम सगळ्या संस्कृतीवर लिहायला जाऊ नका, हाती काही लागत नाही. मी पोळा घ्यायला सांगते, कारण आपल्याकडे तो अजून गावाच्या मधोमध भरतो आणि त्यात सगळंच सापडते.

आदल्या संध्याकाळी बैलाच्या खांद्याला तूप-हळद लावून खांद शेकतात आणि त्याला सांगतात, ‘आज आवतन घ्या, उद्या जेवाले या’. दुसऱ्या दिवशी नाल्यावर आंघोळ, शिंगाला हिंगूळ नाहीतर दुकानातला ऑइल पेंट, बेगड, नवी वेसण, नवा कासरा, झूल, घुंगुरमाळ, बाशिंग. दुपार कलली की सगळ्या जोड्या आखरावर म्हणजे गावाबाहेरच्या मोकळ्या जागेत तोरणाखाली रांगेनं उभ्या राहतात, झडत्या म्हणजे पोळ्याची गाणी सुरू होतात, ‘एक नमन गौरा पारबती, हर बोला हर हर महादेव’ असा आवाज उठतो, पूजा झाली की तोरण तुटते आणि पोळा फुटतो. मग जोड्या घरोघरी जातात, बाया बैलाचे पाय धुतात, ओवाळतात, पुरणपोळी चारतात, आणि गड्याच्या हातावर बोजारा म्हणजे बक्षिसी पडते.

आता वही उघडा. झूल, बाशिंग, कासरा, तोरण, जे हातात धरता येते ते भौतिक संस्कृतीत जाईल. झडती, पूजेचा क्रम, आजच्या दिवशी बैलाच्या खांद्यावर जू ठेवायचं नाही हा नियम, बैलाबद्दलची माया, हे अभौतिक संस्कृतीत. एवढं गाइडमधेही सापडेल. खरा अभ्यास तिसऱ्या रकान्यात सुरू होतो. झूल जुनीच घातली तर काय होईल? कोणीतरी म्हणेल ‘काय भाऊ, यंदा नवी नाही घेतली?’ आणि पुढे जाईल. ही झाली लोकरीती. पण पोळ्याच्या दिवशी कोणी बैल वखराला जुंपले तर गाव त्याला तोंडावर बोलेल, बायको-म्हातारी घरात बोलेल, आणि पुढच्या वर्षी पीक बुडालं तर लोक त्याच दिवसाची आठवण काढतील. ही लोकनीती. ही फोड विल्यम ग्रॅहम समनर ह्या अमेरिकन प्राध्यापकानं १९०६ मधे मांडली. लोकनीतीत सगळ्यांचं भलंबुरं गुंतलेलं आहे असं लोक मानतात, म्हणून ती मोडली की जास्त चिडतात. म्हणजे नियमाचं वजन लोकांच्या रागावरून मोजायचं, हे लक्षात राहिलं तर व्याख्येचे शब्द मागेपुढे झाले तरी चालते.

कायदा तिसरा. त्याच्यासाठी शंकरपट म्हणजे बैलजोड्यांची शर्यत घ्या. मे २०१४ मधे सुप्रीम कोर्टानं बैलांच्या शर्यतींवर बंदी आणली, राज्यानं २०१७ मधे स्वतःचा कायदा केला, डिसेंबर २०२१ मधे शर्यतींना परवानगी मिळाली आणि मे २०२३ मधे घटनापीठानं राज्यांचे कायदे योग्य ठरवले. तुमच्या भागात पटाची कमिटी असेल तर तिच्यातल्या जुन्या माणसांना विचारा की बंदीच्या वर्षांत पटाचं काय झालं, लोकांना आपण काही वाईट करतो असं वाटलं का, आणि बैलाला तुतारी टोचण्याबद्दल त्यांचं आज मत काय आहे. कायदा एका दिवसात बदलतो आणि मन तेवढ्या लवकर बदलत नाही हे तुम्हाला त्यांच्याच तोंडून मिळेल, काही जणांचं बदललेलंही सापडेल, दोन्ही लिहा.

आणखी एक, हे मी आग्रहानं सांगते. पोळ्याचं वर्णन लोक लय गोड करून लिहितात. पण वर्षभर बैल ज्यानं चारला-धुतला तो सालदार आणि तोरणाखाली ज्याचं नाव घेतल्या जाते तो मालक, ही दोन वेगळी माणसं असतात. रांगेत पहिली जोडी कोणत्या घरची उभी राहते, ते घर कोणत्या जातीचं, किती एकराचं, ज्यांच्याकडे बैलच नाही ते त्या वेळी कुठं उभे असतात, हे लिहिल्याशिवाय ते पान पूर्ण झालं असं समजू नका. एडवर्ड टायलर ह्या ब्रिटिश मानववंशशास्त्रज्ञाची १८७१ ची व्याख्या तुम्ही पाठ केली असेलच, ज्ञान, श्रद्धा, कला, नीती, कायदा, रूढी आणि समाजाचा सदस्य म्हणून माणसानं मिळवलेल्या इतर सगळ्या क्षमता आणि सवयी. त्यातलं ‘समाजाचा सदस्य म्हणून मिळवलेल्या’ ह्याच्याखाली रेघ मारा. कोण कोणत्या जागेवरचा सदस्य आहे त्यावरून त्याला काय मिळालं हे ठरते.

सांस्कृतिक पश्चायन: फवारणीचा पंप पाहा

ह्या संकल्पनेला पोरं लय घाबरतात, नाव जड आहे म्हणून. विल्यम ऑगबर्न ह्या अमेरिकन समाजशास्त्रज्ञानं १९२२ मधे सांगितलं की वस्तू आणि तंत्र झपाट्यानं बदलतात, त्यांच्याशी जुळणाऱ्या सवयी, नियम, समजुती मागून येतात, आणि मधल्या काळात त्रास होतो. बस.

पोळ्याच्याच दिवशी कितीक ठिकाणी आता ट्रॅक्टर धुवून, हार घालून उभा करतात, ते उदाहरण सगळेच लिहितात. मी तुम्हाला पराठीचं म्हणजे कपाशीचं उदाहरण देते. बीटी कपाशीला, म्हणजे बोंडअळीला मारणारा गुण बियाण्यातच घातलेल्या कपाशीला, २००२ मधे परवानगी मिळाली. तिच्या पाकिटासोबत साध्या कपाशीच्या बियाण्याची छोटी पुडी यायची, ती बांधाकडून लावायची होती म्हणजे बोंडअळीला बीटीची सवय लागणार नाही. नवं बियाणं सगळ्यांनी घेतलं, ती पुडी मात्र कितीतरी वावरात लागलीच नाही. पुढे गुलाबी बोंडअळी बीटीला जुमानेनाशी झाली आणि २०१७ मधे विदर्भात तिनं कपाशीची वाट लावली. त्याच पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करता करता विषबाधा होऊन शेतकरी आणि शेतमजूर मेले. औषध नवं, पंप नवा, आणि फवारणारा अंगात बनियन, तोंडाला दुपट्टा, पायात काही नाही.

इथं थांबून नीट विचार करा, कारण बरेच जण ह्या ठिकाणी ‘शेतकरी अडाणी म्हणून’ असं लिहून मोकळे होतात आणि मला ते वाचून राग येतो. औषधाच्या डब्यावरचा कागद किती बारीक अक्षरात आणि कोणत्या भाषेत होता? भर उन्हात, माणसाच्या उंचीच्या पराठीत तो जाड सूट घालून उभं राहता येते का? मजुराला हातमोजे द्यायची जबाबदारी कोणाची होती, आणि दोन-दोन औषधं एकत्र कालवून मारा हा सल्ला त्याला कोणी दिला? ऑगबर्नची कल्पना वापरा पण मागे काय राहिलं ते नीट ओळखा. ह्या उदाहरणात विक्रीची व्यवस्था, मजुराचं संरक्षण आणि सल्ला देणारी यंत्रणा मागे राहिली होती. परीक्षकाला असं उत्तर क्वचित वाचायला मिळते.

सामाजीकरण: पोरांच्या खेळात शोधा

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा. चाकं लावलेला लाकडी बैल, त्याला छोटी झूल, गळ्यात घुंगरू, दोरी धरून पोट्टे रांगेत उभे, मग घरोघरी बोजारा मागत फिरतात. ह्या दिवशी वही घेऊन चौकात बसाच. चार वर्षांचं पोरगं बैलाला ‘हो हो’ करून थांबवते, बाप करते अगदी तसं, कासरा मनगटाला दोन वेढे देऊन धरते. त्याला हे कोणी बसवून शिकवलेलं नसते. अमेरिकन विचारवंत जॉर्ज हर्बर्ट मीड म्हणतो ती हीच पहिली पायरी, पोरगं खेळात एका माणसाची भूमिका घेते, आज बाप, उद्या कंडक्टर, परवा गुरुजी. मोठं झाल्यावर तेच पोरगं मैदानात रबरी बॉलचं क्रिकेट खेळते तेव्हा त्याला एकाच वेळी सगळ्यांच्या जागा डोक्यात ठेवाव्या लागतात, बॉलर काय करेल, कीपर कुठं आहे, आपण सोडून पळालो तर बाकीचे काय म्हणतील. मीडनं बेसबॉलचं उदाहरण दिलं होतं, तुम्ही क्रिकेट लिहा. तिथून पुढे जे तयार होते ते ‘लोक काय म्हणतील’, पण लोक म्हणजे कोण एक माणूस नाही, सगळे मिळून. त्याला सामान्यीकृत इतर म्हणतात. मीड १९३१ मधे वारला आणि ह्यावरचं त्याचं पुस्तक १९३४ मधे विद्यार्थ्यांच्या नोंदींवरून निघालं, हे लिहिलं तर चांगलंच.

आता तान्ह्या पोळ्यात पोरी किती असतात ते मोजा. आजकाल असतात, नटवून आणतातही, पण बैल धरायचं काम पोरांचंच समजल्या जाते. पोरींची शाळा वेगळी भरते, तिचं नाव भुलाबाई. भाद्रपदाच्या पुनवेपासून कोजागिरीपर्यंत महिनाभर भुलाबाई-भुलोजी मांडायचे, रोज संध्याकाळी घरोघरी जाऊन टिपऱ्या घेऊन गाणी म्हणायची आणि शेवटी खाऊ ओळखायचा. मी ह्याच्यातच वाढले म्हणून मला हे विशेष लिहावं वाटते. घरची बाई डबा आतून हलवून वाजवते, पोरी आवाजावरून अंदाज करतात, गोड का तिखट, ओला का कोरडा, आणि ओळखला नाही तर ‘हारलो म्हणा’ म्हणते. हा भाग सगळ्यांना आठवते. पण मधली गाणी? सासर कसं द्वाड आहे, माहेरचा निरोप आला तर सासू काय म्हणते, नणंद काय म्हणते, रुसायचं कसं आणि समजूत कोण काढते, हे सगळं आठ-दहा वर्षांच्या पोरीच्या तोंडात बसून जाते, लग्न म्हणजे काय हे तिला कळायच्या लय आधी. कोणी तिला भाषण देत नाही की तुला पुढे घर सोडून जायचं आहे. ती ते गात गात शिकते, मैत्रिणींसोबत, खाऊ खात. लिंगभावाचं सामाजीकरण ह्याच्यापेक्षा स्पष्ट कुठं दिसणार नाही. आणि त्याच गाण्यांत सासरच्या माणसांची नावं घेऊन त्यांची खोड काढायची मुभाही असते जी बाईला एरवी नसते, म्हणून मी भुलाबाईला नुसतं बंधन म्हणत नाही. आजीकडून अशी दोन-तीन गाणी लिहून घ्या आणि प्रत्येक ओळीसमोर ही ओळ पोरीला काय शिकवते ते लिहा. प्रोजेक्टचं अर्धं काम तिथंच होते.

घर आणि सवंगडी ही प्राथमिक समूहाची, म्हणजे समोरासमोरच्या जवळच्या माणसांच्या गटाची उदाहरणं, ही कल्पना अमेरिकन समाजशास्त्रज्ञ चार्ल्स कूलीची, १९०९ ची. त्याच कूलीनं त्याआधी १९०२ मधे दर्पण-स्व मांडला, आणि तो समजायला गावाकडून शहरात शिकायला गेलेलं कोणतंही पोरगं पाहा. ते होस्टेलवर पहिल्या दिवशी सहज म्हणते ‘मले ताट दे ना बे’, आजूबाजूचे हसतात. मग त्याच्या मनात तीन गोष्टी लागोपाठ होतात, आपण ह्यांना कसे दिसत असू, दिसल्यावर हे आपल्याला काय समजत असतील, आणि त्याची लाज किंवा अभिमान. लाज वाटली तर ते कमी बोलायला लागते, दिवाळीपर्यंत ‘मला’ म्हणायला शिकते, आणि घरी आल्यावर बहीण म्हणते ‘लय पुण्यावाला झाला हा’. घरी आलं की परत ‘मले’. हेच पोरगं दोन ठिकाणी दोन आरशांत पाहून राहिलं आहे. ह्याच्यात वऱ्हाडी खालची आणि पुस्तकी मराठी वरची हे कोणी ठरवलं, तो चौथा रकाना भरायला विसरू नका, उत्तर शाळा, पाठ्यपुस्तक, नोकरीचा इंटरव्ह्यू असं एकामागे एक निघत जाईल.

शाळेवर थोडक्यात. पुस्तकात जे आहे त्याशिवाय शाळा घंटा, रांग, मॉनिटर, ‘एक साथ नमस्ते’, पोरांनी बेंच उचलायचे आणि पोरींनी झाडायचं, हे शिकवते. त्याला छुपा अभ्यासक्रम म्हणतात. आपल्या शाळेत झाडू कोणाच्या हातात होता हे आठवून लिहा.

जातीबद्दल लिहायला पोरं कचरतात. लिहा. पाच वर्षांच्या लेकराला जात कोणी समजावून सांगत नाही, तरी त्याला कोणत्या घरी पाणी प्यायचं, कोणाला ‘काकाजी’ म्हणायचं आणि कोणत्या म्हाताऱ्याला नावानं हाक मारली तरी कोणी रागावत नाही, हे समजलेलं असते. कसं समजलं? वेगळा ठेवलेला कप पाहून, आजीच्या चेहऱ्याकडे पाहून, वस्तीचा रस्ता कुठं वळते ते पाहून. बाबासाहेब आंबेडकरांनी १९१६ मधे कोलंबिया विद्यापीठात जातींवरचा निबंध वाचला, त्यात जातीचं मूळ त्यांनी जातीतल्या जातीत लग्न ह्या नियमात दाखवलं. म्हणजे जात टिकते ती सोयरीक कुठं करायची ह्या शिकवणीतून. आणि शिकवलेलं पुसून नवं शिकणं, ज्याला पुनर्सामाजीकरण म्हणतात, त्याचं उदाहरण गाइडमधे तुरुंगाचं नाहीतर लष्कराचं असते. आपल्याला एवढं दूर जायची गरज नाही. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात लाखो माणसांनी धम्मदीक्षा घेतली आणि सोबत २२ प्रतिज्ञा घेतल्या. त्या एकेक वाचा, कोणती जुनी सवय सोडायची आणि कोणती नवी धरायची हे त्यात मुद्द्यांनिशी आहे. तुमच्या गावातल्या ज्या घरातून तेव्हा माणसं नागपूरला गेली होती तिथं जाऊन विचारा की घरात काय काय बदललं, देव्हारा, नावं, लग्नाची पद्धत, पोरांना शाळेत घालण्याची घाई. विचारताना आदरानं विचारा, ही त्यांच्या घरची सगळ्यात मोठी गोष्ट आहे.

माध्यमं: कीर्तनापासून फॉरवर्डपर्यंत

पोरं माध्यमं म्हटली की टीव्हीपासून सुरू करतात, ते चुकते. अक्षर वाचता येणारी माणसं गावात बोटावर मोजण्यासारखी होती तेव्हाही इथं माध्यम होतंच. गाडगेबाबा दिवसा गाव झाडायचे, रात्री त्याच गावात कीर्तन करायचे, आणि कीर्तनात समोरच्या लोकांनाच वऱ्हाडीत प्रश्न विचारून उत्तर काढून घ्यायचे. तुकडोजी महाराजांनी खंजिरी घेतली. नागपूरला पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मारबत नावाच्या पुतळ्यासोबत बडगे म्हणजे आणखी पुतळे निघतात, त्यांच्यावर महागाई, भ्रष्टाचार असे चालू विषय लिहिलेले असतात, ती सुद्धा त्या दिवसाची बातमी आणि तिच्यावरचं मत आहे. माध्यम कोणाच्या हातात आहे हा प्रश्न घ्यायचा असेल तर ३१ जानेवारी १९२० घ्या, त्या दिवशी आंबेडकरांनी ‘मूकनायक’ सुरू केलं, कारण तेव्हाच्या वर्तमानपत्रांत बहिष्कृत समाजाच्या प्रश्नांना जागा नव्हती.

झाडीपट्टीकडचे असाल तर तुमच्याकडे सगळ्यात चांगला विषय आहे. दिवाळी झाली की गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, गोंदियाकडे मंडई म्हणजे गावच्या जत्रा आणि नाटकांचा मोसम सुरू होतो, वडसा म्हणजे देसाईगंजला नाटक मंडळ्यांचे बोर्ड लागतात, रात्रभर नाटक चालते. लेकी-जावई, पाहुणे त्या निमित्तानं येतात, सोयरिकीच्या गोष्टी निघतात. ह्या रंगभूमीचे कलावंत परशुराम खुणे ह्यांना २०२३ मधे पद्मश्री मिळाली. नाटक पाहताना स्टेजकडे अर्धा वेळ पाहा आणि अर्धा वेळ मांडवाकडे, कोण कोणासोबत आलं, चहाच्या ठेल्यावर काय बोलणं चाललं. मोबाइलवर तेच नाटक पाहिलं तर ह्यातलं काय काय गळून जाईल ते लिहा, माध्यमाचं रूप बदललं की समाजात काय बदलते ह्या प्रश्नाचं उत्तर तिथं आहे.

टीव्हीचंही असंच. १९७५-७६ मधे इस्रोनं नासाचा उपग्रह वापरून साइट नावाचा प्रयोग केला, सहा राज्यांतल्या सुमारे २४०० गावांत सरकारी टीव्ही संच बसवले आणि शेती, आरोग्य, शिक्षणाचे कार्यक्रम दाखवले. महाराष्ट्र त्यात नव्हता, पण एक संच आणि पूर्ण गाव समोर बसलेलं हे चित्र आपल्याकडच्या म्हाताऱ्यांनाही पुढच्या काळातलं आठवते. आता घरात चार माणसं आणि चार स्क्रीन.

करायचं काम असं. एका संध्याकाळी पानठेल्यावर बसा आणि येणाऱ्या प्रत्येकाला एकच विचारा, आज कापसाचा भाव काय आणि तुम्हाला कुठून कळला? उत्तरं बाणांनी जोडा. मोबाइलवर मेसेज दोघा-तिघांनाच आलेला असते, बाकीच्यांना कृषी केंद्रवाल्यानं नाहीतर एखाद्या गुरुजीनं सांगितलेलं असते, आणि लोक मेसेजपेक्षा त्या माणसावर भरोसा ठेवतात. पॉल लाझर्सफेल्ड आणि त्याच्या सोबत्यांनी १९४० च्या अमेरिकन निवडणुकीत ओहायो राज्यातल्या एका काउंटीत हेच पाहिलं, रेडिओ-पेपरपेक्षा ओळखीच्या माणसांचा परिणाम जास्त, आणि त्यावरून दोन टप्प्यांचा प्रवाह मांडला. आधी माध्यमाकडून मतनेत्याकडे, मग मतनेत्याकडून बाकीच्यांकडे. तुमच्या बाणांच्या चित्रात सगळ्यात जास्त बाण ज्याच्यापासून निघतात तो मतनेता. आरोग्याच्या बाबतीत बहुतेक आशाताई निघेल, करून पाहा.

भरोसा वाईट कामालाही लागते. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात पोरं पळवणारी टोळी समजून भिक्षा मागणाऱ्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच माणसांना जमावानं मारून टाकलं. त्या दिवसांत असे मेसेज मोबाइलवर सगळीकडे फिरत होते. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपनं भारतात एक मेसेज एकाच वेळी पाचच चॅटना पाठवता येईल अशी मर्यादा आणली. ह्यावर लिहाल तेव्हा मोबाइलला दोष देऊन थांबू नका. मेसेज खरा का वाटला, भटक्या माणसाबद्दलचा संशय लोकांच्या मनात आधीपासून कोणी भरला होता, हे विचारा, म्हणजे माध्यम आणि सामाजीकरण एकाच उत्तरात येते.

आणि आपल्या भागाचं चित्र बाहेर कसं जाते तेही पाहा. यवतमाळ म्हटलं की बाहेरच्या माणसाला एकच गोष्ट आठवते, शेतकरी आत्महत्या. ती दुःखाची आणि खरी गोष्ट आहे, तिच्यावर लिहिलंच पाहिजे, फ्रेंच समाजशास्त्रज्ञ एमिल दुर्खीमनं १८९७ मधेच दाखवलं होतं की आत्महत्येमागे समाजाची कारणं असतात. पण माध्यमं आपल्याला कशाबद्दल विचार करायचा हे ठरवून देतात, ह्याला विषयपत्रिका ठरवणं म्हणतात, मॅककॉम्ब्स आणि शॉ ह्यांनी १९७२ मधे ते मांडलं. एक आठवडा पेपर जपून ठेवा, आपल्या जिल्ह्याच्या बातम्या कापा, आणि गावात त्या आठवड्यात लोक खरोखर कशाबद्दल बोलले ते समोर लिहा. पाणंद रस्ता, रानडुकरं, पोरांची लग्नं न जमणं, रात्रीची वीज. किती जुळलं ते पाहा.

विचारायचं कसं

आपल्याच गावात अभ्यास करणं सोपं वाटते, पण आपल्याला सगळंच सरळ वाटत असल्यामुळे डोळ्याला काही खटकत नाही. म्हणून पहिल्या दिवशी दुसऱ्या मोहल्ल्यात बसा. म्हाताऱ्या माणसाला ‘तुमची संस्कृती सांगा’ असं विचारू नका, ‘काकाजी, तुमच्या लहानपणी पोळा कुठं भरे?’ असं विचारा आणि मग गप्प राहा. बायांशी बोलायचं असेल तर निंदणाच्या धुऱ्यावर नाहीतर ओट्यावर बोला, घरात पुरुष बसला असला की उत्तर तोच देतो. रेकॉर्डिंग विचारल्याशिवाय नाही, वहीत खरं नाव नाही. आपली रीत बरोबर आणि त्यांची विचित्र, असा सूर आला की ते वाक्य खोडा, त्यालाच स्वसंस्कृतिश्रेष्ठत्व म्हणतात आणि तो शब्दसुद्धा समनरनंच रूढ केला.

रोज रात्री पानांचा फोटो काढून ठेवा. समाजशास्त्रज्ञ एम. एन. श्रीनिवास ह्यांनी १९४८ मधे म्हैसूरजवळच्या एका खेड्यात राहून अभ्यास केला होता, त्यावरून तयार केलेल्या टिपणांच्या सगळ्या प्रती १९७० मधे अमेरिकेत ते काम करत होते तिथं लावलेल्या आगीत जळाल्या. त्यांना पुस्तक मुख्यतः आठवणीतून लिहावं लागलं. तुमच्याकडे मोबाइल आहे.

पेपरात उतरवताना

व्याख्या दोन ओळीत, मग विचारवंत आणि वर्ष, मग उदाहरण, आणि उदाहरणाला सगळ्यात जास्त जागा. उदाहरण देताना ‘आमच्या गावात पोळा असतो’ एवढं लिहून सोडू नका, कोणती वस्तू, कोणता नियम, मोडला तर काय, शिकवलं कोणी, ह्या चारही रकान्यांतलं एकेक वाक्य टाका. कूली आणि मीड ह्यांची अदलाबदल लय होते, आरसा आला की कूली, खेळ आला की मीड. शेवटी त्या संकल्पनेतून काय निसटून जाते तेही दोन ओळीत लिहा, जसं ऑगबर्नमधे मजुराच्या संरक्षणाची जबाबदारी कोणाची हा प्रश्न निसटून जाते. शंभर शब्दांची टीप असेल तर पोळा किंवा भुलाबाई ह्यातलं एकच घ्या, दोन्ही कोंबले तर एकही नीट उतरत नाही.